व्यायाम सुरू करणारे नकोत, दहा वर्षं टिकवलेले हवेत

खुंटीवरचे_जोडे (४ जानेवारी, रात्री १०:४०)

मंडळी, वय ४६, उंची पाच फूट सात, वजन ८३, पोटाचा घेर ३९ इंच. राहायला पुण्यात, नोकरी खुर्चीतली. शुगर ‘काठावर’ आहे असं डॉक्टर तीन वर्षं सांगताहेत. काठ बराच लांबलचक असावा.

व्यायाम सुरू कसा करायचा हे कृपया कुणी सांगू नका. सुरू करण्यात माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही. २०१४ ला पळायला लागलो, पाच आठवडे. २०१५ ला जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, गेलो १९ दिवस. २०१७ ला सायकल घेतली, ती आता भाचा कॉलेजला नेतो. २०१८ ला सगळ्या गावाबरोबर मीही दोनदाच जेवण आणि ४५ मिनिटं चालणं केलं. ११ किलो उतरलो, पुढच्या दोन दिवाळ्यांत १३ किलो चढलो. लॉकडाऊनमध्ये गच्चीवर सूर्यनमस्कार, २०२१ च्या रथसप्तमीला १०८ घातले. ऑफिस उघडलं तसा सूर्य त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या. २०२२ ला बायकोबरोबर झुंबा. ती अजून जाते. २०२३ ला अर्धमॅरेथॉन, २१ किलोमीटर, २ तास ५१ मिनिटं. पदक भिंतीला, जोडे खुंटीला. आयडी त्यावरून.

तर प्रश्न असा: इथे कुणी दहा वर्षांच्या वर व्यायाम टिकवलाय का? मधे आजारपण, बदली, बाळंतपण, कंटाळा आला असेलच. तेव्हा काय केलंत? दोन महिन्यांच्या खंडानंतर पहिल्या दिवशी घराबाहेर पाऊल नेमकं कशामुळे पडलं?

दीक्षित की दिवेकर, म्हणजे दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, हा वाद इथे नको. माझं दोन्ही करून झालंय. एकाच दिवशीसुद्धा.

काटकोन (४ जानेवारी, रात्री १०:४४)

मी पहिला. बाकी या विषयात सांगण्यासारखं काही नाही.

तिरपागडं (४ जानेवारी, रात्री ११:०२)

आमची ट्रेडमिल गेली नऊ वर्षं एकही खाडा न करता वापरात आहे. उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया, पावसाळ्यात न वाळलेले टॉवेल. थोडा उतार देता येतो, त्यामुळे पापडांना ऊन चांगलं लागतं.

पायरी_१०३ (५ जानेवारी, सकाळी ८:०५)

मी पर्वतीवाला. २००३ पासून आठवड्यातले सहा दिवस. वय ६१.

जोडेसाहेब, आम्ही सहाजण सुरू झालो होतो. त्यातले दोघे गेले, एक कोथरूडला राहायला गेला (म्हणजे तोही गेलाच), उरलो तिघे आणि नंतर आलेले पाच. सकाळी ६:१० ला पायथ्याशी जमायचं. १०३ पायऱ्या, वर जाऊन खाली, परत वर, एकूण तीन खेपा, मग खाली चहा. यात शास्त्र काही नाही.

नियम मात्र एक आहे. ६:१५ पर्यंत माणूस आला नाही की फोन जातो. आणि तो त्याला नाही, त्याच्या घरी, बायकोला. ‘वहिनी, हे निघालेत का?’ एवढंच विचारायचं. बावीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा फोन करावा लागला, असं मोजून चार वेळा झालं असेल.

खंडाचं विचारलंत म्हणून सांगतो. २०११ ला माझा घोटा मोडला. व्यायाम करताना नव्हे, घरी बाथरूममध्ये. सहा आठवडे प्लास्टर. पहिले दहा दिवस घरी काढले. अकराव्या दिवशी मुलगा मला रिक्षाने ६:१० ला पायथ्याशी सोडून गेला. कुबडी कठड्याला टेकवून बसलो, मंडळी तीन खेपा करून आली, चहा घेतला, रिक्षाने परत. रोज तसंच. लोकांना वेडेपणा वाटला, बायकोलाही वाटला. पण चढणं बंद होतं तरी जाणं बंद नव्हतं. प्लास्टर निघालं तेव्हा पायरीवर पाय ठेवायला कसलाच निर्धार करावा लागला नाही. मी तिथेच तर होतो.

खुंटीवरचे_जोडे (५ जानेवारी, सकाळी ९:३०)

काका, ‘चढणं बंद, जाणं चालू’ लिहून ठेवलं. बायकोला फोन ही मात्र निव्वळ दहशत आहे.

लाल_माती (५ जानेवारी, दुपारी १:१५)

कोल्हापूरकर. जरा उलट बाजू सांगतो.

माझे वडील पैलवान. खासबागेत कुस्त्या केलेत, जोर-बैठका आकड्यात नाही, घामात मोजायचे. वस्ताद म्हणायचे, लंगोट पिळल्यावर पाणी निघालं नाही तर मेहनत झालीच नाही. खुराक तसाच. दोन लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप, रविवारी मटण. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. मेहनत सुटली, खुराक नाही सुटला. पंचेचाळिशीत शुगर, पन्नाशीत बीपी. त्या पिढीतले किती तरी पैलवान असेच बघितलेत. चाळिशीपर्यंत देव, नंतर दवाखाना.

मला त्यातून एकच कळलं. जे शिखरावर गेल्यावरच व्यायाम वाटतंय ते आयुष्यभराचं नसतंय. वडिलांना हजार बैठका माहीत होत्या, चाळीस बैठका त्यांना अपमान वाटायच्या. मी रोज चाळीसच मारतो. बावीस जोर. सोळा वर्षं झाली. माझा अजून अपमान झालेला नाही.

(रंकाळ्याला फेरी मारून मिसळ खायला जाणाऱ्यांबद्दल वेगळा धागा काढावा लागंल.)

रविवार_गडावर (५ जानेवारी, दुपारी १:४०)

लाल_माती +१. आमचा दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीकडून, १४ वर्षं. वर झुणका-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. जाळतो त्याच्या दीडपट खातो, वजन १४ वर्षं तेच. पण ५४ व्या वर्षी गुडघा वाजत नाही.

मुक्ता_फिजिओ (५ जानेवारी, संध्याकाळी ६:२०)

धंद्याने फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे जानेवारी हा आमचा हंगाम. पहिल्या पंधरवड्यात संकल्प, दुसऱ्यात गुडघे, फेब्रुवारीत टाचा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा गेल्यासारखं होतं, तो टाचेचा दुखवा घेऊन निम्मे नवे पळणारे माझ्याकडे येतात. सगळ्यांची गोष्ट एकच: पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर.

जोडे, तुमची यादी पुन्हा वाचा. पळणं, सायकल, चालणं, झुंबा, पळणं. सगळे दम वाढवणारे व्यायाम. ताकदीचं त्यात काय आहे? जिमचे १९ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन म्हणतं की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढची ओळ कुणी वाचत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू उतरतात, साठीनंतर वेग वाढतो. साठीला खुर्चीतून उठताना ‘अगं आई गं’ निघतं ते वयामुळे नव्हे, मांड्या गेल्यामुळे.

खंडाबद्दल एक कामाची गोष्ट. दम दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद त्या मानाने हळूहळू जाते. शिवाय एकदा कमावलेली ताकद परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून खंडानंतर आधी होतं त्याच्या निम्म्यावर सुरू करा आणि दोन आठवडे निम्म्यावरच राहा. लोक जिथे सोडलं तिथून उचलतात, तिसऱ्या दिवशी अंग आखडतं, चौथ्या दिवशी दुसरा खंड.

दोन_कुकर (५ जानेवारी, रात्री ११:१०)

आत्ता ओटा पुसून बसले, म्हणून उशिरा.

सगळ्यांचं सगळं छान आहे. ६:१० ला पर्वती, पहाटे गड. मला फक्त एवढंच सांगा, ६:१० ला तुमच्या घरात डबा कोण करतं?

शिस्तप्रिय (६ जानेवारी, पहाटे ५:५०)

वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. मी १७ वर्षं पहाटे ४:४५ ला उठतो. ८ किलोमीटर पळणं, २५ सूर्यनमस्कार. लग्नं, दिवाळी, पाऊस, वडिलांचं वर्षश्राद्ध, एकही दिवस खाडा नाही. कारणं सांगणाऱ्यांना कारणं मिळतात. जोडे यांच्या सात प्रयत्नांत कमतरता एकाच गोष्टीची दिसते आणि ती माझ्या आयडीत आहे.

दोन_कुकर (६ जानेवारी, सकाळी ७:०५)

अभिनंदन. प्रश्न तसाच आहे. डबा?

काटकोन (६ जानेवारी, सकाळी ७:०९)

शेंगदाणे घेऊन बसलोय.

पायरी_१०३ (६ जानेवारी, सकाळी ८:३०)

ताई, बरोबर बोललात. मी लिहिताना हे सोडूनच दिलं. आमच्या सहाजणांत २००३ साली एकही बाई नव्हती, कारण त्या वेळी आमच्या सगळ्यांच्या घरी कुकर लागलेला असायचा. आमची ही पर्वतीला यायला लागली ती मुलगा नोकरीला लागल्यावर, म्हणजे माझ्यानंतर तेरा वर्षांनी. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. त्याचं कारण मी आजवर तिचं वजन समजत होतो.

शिस्तप्रिय (६ जानेवारी, रात्री ९:१५)

बायको करते. विचारलं तिला. ती म्हणाली, ‘तुमच्या सतरा वर्षांत माझीपण सतरा वर्षं आहेत, ती पण लिहा.’ लिहिली.

दोन_कुकर (६ जानेवारी, रात्री ११:३०)

लिहिलंत, बरं वाटलं. आता माझं.

मी अकरा वर्षं करतेय. म्हणजे जोडेदादांच्या अटीत बसते. पहाट माझी नाही, संध्याकाळ माझी नाही. माझे ३:४० ते ४:०५ आहेत. शाळेतून येते (शिक्षिका आहे), धाकटी शिकवणीला गेलेली असते, सासूबाई झोपलेल्या असतात. गच्चीवर दोरीवरच्या उड्या, मग पाच-पाच लिटर पाण्याचे दोन कॅन घेऊन बैठका. पहिल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी खिडकीत येऊन बसायच्या. आता त्याच विचारतात, काल का नाही आलीस.

हिशोब कालनिर्णयवर. आमच्याकडे दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली मारतात, दूधवाल्याचे पैसे कापायला. मी व्यायाम केला नाही की त्याच चौकोनात बारीक गोल काढते. महिनाअखेरीला सासूबाई दुधाचा हिशोब करतात आणि मोठ्याने वाचतात: ‘दूध चार खाडे, सूनबाई नऊ खाडे.’ नऊच्या वर गेले की मला कळतं घरात काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा चुकणारी मी नसते. कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण, माझी पेपर तपासणी. एकही खाडा नको असं ठरवलं असतं ना, तर मी दुसऱ्याच महिन्यात हरले असते.

नागपुरी_संत्रं (७ जानेवारी, सकाळी १०:२०)

दूध चार खाडे सूनबाई नऊ, हे फ्रेम करून लावा कोणीतरी.

बाकी भाऊ, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते. पहाटे साडेपाचच्या नंतर पळणारा माणूस एकतर पोलीसभरतीचा, नाहीतर वेडा. एप्रिल ते जून मी घरात फक्त ताकदीचे व्यायाम करतो, फरशीवर ओलं टॉवेल टाकून. जुलैला परत मैदान. वर्षाचे दोन भाग केले तेव्हापासून गाडी चालू आहे.

बर्फाळ_बंड्या (७ जानेवारी, सकाळी १०:५५)

आमच्या मिनियापोलिसात याच्या बरोब्बर उलट. काल उणे २४ सेल्सियस होतं, नाकातले केस गोठतात. पण इथे गावाच्या मध्यात इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत, सगळे धरून पंधराएक किलोमीटर. जेवणाच्या सुट्टीत लोक ऑफिसच्या कपड्यांत, पायात पळायचे जोडे घालून त्यातून चालतात. बारा हिवाळे मीही तेच करतोय. भारतातून आईबाबा आले की त्यांना मॉलमध्ये नेतो, दुकानं उघडायच्या आधी चालणाऱ्यांसाठी दारं उघडी असतात. बाबा म्हणाले, ‘एवढ्या लांब येऊन दुकानं बंद असताना बघायची?’ आईला हे फार आवडलं, बाबांचे पैसे वाचले म्हणून.

मांडवी (७ जानेवारी, दुपारी १२:१०)

गोंय. मिरामारच्या वाळूत अनवाणी, रोज संध्याकाळी, सव्वीस वर्षं. कारण? सूर्य बुडताना बघायला जातो. व्यायाम होतो तो वरकड.

आडगावचा (७ जानेवारी, दुपारी ३:००)

हे सगळे शहरी चोचले. माझी आजी ९१ वर्षं जगली, कधी व्यायाम केला नाही. विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण, शेतातली खुरपणी. शेतात राबणाऱ्याला जिम लागत नाही.

रात्रपाळी (७ जानेवारी, रात्री ११:४५)

मी बीड जिल्ह्यातली, सरकारी दवाखान्यात नर्स. आडगावचा, तुमची आजी ९१ वर्षं जगली, देव भलं करो. ज्या ९१ पर्यंत पोचल्या नाहीत त्यांच्या नाती इथे लिहायला नाहीत.

ऊसतोडीला जाणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढते, दिवसाला कितीदा तरी. तिचा व्यायाम झाला म्हणता? पस्तिशीत तिची कंबर गेलेली असते. एकाच बाजूला एकच वजन, विश्रांती नाही, ताटात वरणाचं पाणी. कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. व्यायामात थांबायचं कधी ते तुम्ही ठरवता. कष्टात मुकादम ठरवतो.

माझी स्वतःची ड्यूटी आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘रोज ठरावीक वेळी’ हे मला लागूच नाही. मी घड्याळाला न बांधता कपड्यांना बांधलंय. ड्यूटीवरून आले की युनिफॉर्म काढायचा, आणि गाऊन घालायच्या आधी पंधरा मिनिटं. मग ती सकाळ असो की रात्र. एकदा गाऊन घातला की विषय संपला.

आडगावचा (८ जानेवारी, सकाळी ९:००)

मान्य. आजीला कंबरेत वाक होता. ते लिहायचं राहिलं.

तिरपागडं (८ जानेवारी, सकाळी ९:२०)

घड्याळावरून आठवलं. बायकोने मनगटावर बांधायचं घड्याळ दिलंय. दहा हजार पावलं झाल्याशिवाय ते शांत बसत नाही. काल रात्री ११:५० ला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होतो, मुलगी म्हणाली, ‘बाबा, काय टेन्शन आहे?’

मुक्ता_फिजिओ (८ जानेवारी, दुपारी २:१०)

दहा हजाराचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वारं आलं, तेव्हा १९६५ ला तिकडच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं. नाव मानपो-केई, अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून चिकटला. पुढे खरंच अभ्यास झाले तेव्हा साठीपुढच्यांना सहा ते आठ हजारांतच बहुतेक फायदा मिळताना दिसला. आणि बसून दिवस काढणारा माणूस दोन हजारांवरून चार हजारांवर गेला तर त्याला मिळतो तो फायदा सगळ्यात मोठा.

आपल्याकडे आकडा शंभरच होता, शतपावली. शुगरवाल्यांनी तिला हसू नये. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची उसळी कमी होते, हे मी पेशंटच्या मीटरवर पाहिलंय.

सगळ्यांना गृहपाठ: हात छातीवर, बिनहाताच्या खुर्चीतून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाला पुरुषांचे १४ आणि बायकांचे १२ च्या खाली आले तर ते कमी धरतात. तुम्ही त्याहून तरुण असाल तर आकडा सांगा.

काटकोन (८ जानेवारी, दुपारी २:३१)

वय ३८. अकरा. खुर्ची मोडली, बारावी त्यामुळे राहिली. 

खुंटीवरचे_जोडे (८ जानेवारी, रात्री १०:००)

तेरा. ४६ व्या वर्षी साठीतल्या पुरुषापेक्षा एकाने कमी. मुक्ताताई, हा धागा काढल्याचा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

माउली_पाऊल (१२ जुलै, सकाळी ११:३०)

धागा वर काढतोय. वारी करून आलो, पाय अजून सुजलेले आहेत, तेव्हा वेळ आहे.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. माझी ही एकोणिसावी. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात मोठा, शेवटी दिवे घाट. दरवर्षी घाटात पहिल्यांदाच आलेले तिशीतले आयटीवाले नवे कोरे जोडे घालून पायाला फोड घेऊन बसलेले असतात आणि शेजारून सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन पुढे जाते. तिला विचारलं, आजी दमला नाहीत का? म्हणाल्या, ‘दमले की. पण दिंडी थांबली न्हाई.’

मी वारीसाठी वर्षभर चालतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. माघ संपला की अंगात वारी जागी होते, फाल्गुनात तीन किलोमीटर, वैशाखात दहा. वारी झाली की श्रावणभर काहीही करत नाही. दिवाळीनंतर थोडं. म्हणजे दरवर्षी दोनेक महिन्यांचा खंड आहेच, तो मी पाळतो. शेताला पडीक ठेवतात तसा. मुक्ताताई कदाचित रागावतील.

मुक्ता_फिजिओ (१२ जुलै, दुपारी १:००)

नाही रागावत. ठरवून घेतलेला खंड आणि नकळत पडलेला खंड, दोन्ही वेगळे. श्रावणात मांड्यांचं तेवढं चालू ठेवा.

शिस्तप्रिय (३ ऑगस्ट, पहाटे ५:४०)

लिहू की नको असं चाललं होतं.

जूनच्या मध्याला चिकुनगुन्या झाला. ताप पाच दिवसांत गेला, सांधे गेले नाहीत. मुठी आवळत नव्हत्या, सकाळी बादली उचलत नव्हती. सतरा वर्षांत पहिला खाडा, मग दुसरा, मग मोजणं सोडलं. आता सात आठवडे झाले. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं. ४:४५ ला जाग येते. उठतो, जोडे घालतो, दारातल्या बाकड्यावर बसतो आणि परत काढतो. आठ किलोमीटर पळणारा माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत चालून काय करणार, असं वाटतं. एकही खाडा नाही हे सांगायला फार आवडायचं. आता सांगायला काही उरलं नाही, तर करायला पण काही उरलं नाही असं झालंय.

दोन_कुकर ताई, तुमच्या सासूबाईंचा हिशोब रोज आठवतो.

दोन_कुकर (३ ऑगस्ट, दुपारी ४:१०)

दादा, जुलैत माझे सोळा गोल झाले. सासूबाईंनी वाचले आणि चहा ठेवला. बस, एवढंच.

लाल_माती (३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००)

शिस्तप्रिय, माझे वडील त्या बाकड्यावर पस्तीस वर्षं बसले. तुम्ही बसू नका. गल्लीच्या तोंडापर्यंत जावा. कुणी बघत नाही ओ. आणि बघितलं तर बघू दे की.

खुंटीवरचे_जोडे (८ ऑगस्ट, रात्री ९:५०)

धागाकर्ता हजर. सात महिने झाले, हिशोब देणं लागतो.

वजन ८३ वरून ८०.५. यासाठी कुणी टाळ्या वाजवणार नाही. पोट दीड इंच कमी. तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.३ होती, ६.० आली. खुर्चीचा आकडा तेरावरून एकोणीस.

करतो काय? तीन दिवस पर्वती, काकांच्या टोळीत. पहिल्या महिन्यात दोनदा घरी फोन आला. तिसऱ्यांदा बायकोनेच मला हलवून उठवलं, म्हणाली, ‘तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नाही.’ उरलेल्या दिवसांत ताकदीचं, पण त्याला वेगळी वेळ दिलेली नाही. डब्याच्या वादानंतर सकाळचं दूध आणि चहा माझ्याकडे आलाय. पातेलं गॅसवर ठेवलं की ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर, नंतर बैठका. अर्धा लिटर दूध मध्यम आचेवर तापेपर्यंत जोरांच्या दोन फेऱ्या आणि बैठकांची एक होते. दोनदा दूध उतू गेलं. तेव्हापासून तोंड गॅसकडे करून बैठका मारतो.

मे महिन्यात आई दवाखान्यात होती, सोळा दिवस. त्या सोळा दिवसांत काहीही केलं नाही. आधीच्या सातही वेळा नेमकं अशाच ठिकाणी संपलं होतं. या वेळी सतराव्या दिवशी पायथ्याशी गेलो, चढलो नाही, आईचं सांगितलं, चहा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी एकच खेप. काकांच्या प्लास्टरची गोष्ट नसती तर गेलो नसतो, कारण ‘फक्त चहा प्यायला कुठे जायचं’ असंच वाटलं असतं.

दहा वर्षं व्हायला अजून नऊ वर्षं पाच महिने आहेत. त्यात गणपतीही यायचेत.

तिरपागडं (८ ऑगस्ट, रात्री १०:०५)

आयडी बदला आता. जोडे खुंटीवर नाहीत.

खुंटीवरचे_जोडे (८ ऑगस्ट, रात्री १०:११)

पावसाने चिंब आहेत, म्हणून आज खुंटीवरच आहेत.

पायरी_१०३ (९ ऑगस्ट, सकाळी ८:२०)

शिस्तप्रिय, राहायला पुण्यातच ना? सहकारनगरच्या बाजूला असं मागे कुठल्याशा धाग्यावर लिहिलं होतंत. मंगळवारी ६:१० ला या. चढायचं नाही. पायऱ्यांवर शेवाळ आहे, तुमच्या सांध्यांना तसंही नको. खाली कठडा आहे, माझ्या कुबडीची जागा अजून रिकामीच असते.

शिस्तप्रिय (९ ऑगस्ट, सकाळी ८:४१)

नुसतं बसायचं?

पायरी_१०३ (९ ऑगस्ट, सकाळी ८:४३)

नुसतं बसायचं. चहाचे पैसे पहिल्या दिवशी नव्या माणसाने द्यायचे असतात.

शिस्तप्रिय (९ ऑगस्ट, सकाळी ९:३०)

येतो.

पायरी_१०३ (९ ऑगस्ट, सकाळी ९:३२)

वहिनींचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.